आधी पाणी मोजा, मग डबा उघडा : बासच्या मासेमारीचं सविस्तर मार्गदर्शन

बासच्या मासेमारीला नव्यानं लागलेला माणूस पहिल्यांदा आमिषांचा डबा भरतो. मीही तेच केलं. पहिले दोन हंगाम मी दर अर्ध्या तासाला ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, बदलत होतो, आणि काल ज्यावर मासा लागला त्यावर आज का लागत नाही हे काही केल्या कळत नव्हतं. उलगडा झाला तो एका साध्या थर्मामीटरमुळे. दोरीला बांधून पाण्यात सोडायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा, एवढंच सुरू केलं. वर्षभरानं वही चाळली तेव्हा दिसलं की तारखांचा कशाशीच मेळ बसत नव्हता. तापमानाचा मात्र जवळजवळ दर वेळी बसत होता.

कारण सरळ आहे. बास थंड रक्ताचा मासा. भोवतालचं पाणी जितकं गार तितकं त्याचं शरीर गार. पाणी ७-८ अंश सेल्सिअसवर असताना त्याचं पचन इतकं मंद चालतं की एकदा खाल्लेलं बराच काळ पुरतं; मग तो आमिषामागे पळण्यात ताकद घालवत नाही. तेच पाणी २५ अंशांवर गेलं की त्याला वारंवार खावं लागतं. म्हणून या लेखात क्रम असा ठेवलाय : पाणी किती गरम, त्यावरून मासा कुठे असेल, आणि सगळ्यात शेवटी त्याच्यापुढे काय टाकायचं.

मासा कोणता

बास म्हणजे इथे गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. समुद्रातले बास म्हणून ओळखले जाणारे मासे वेगळे. गळाला लागणारे मुख्य प्रकार तीन. लार्जमाउथचा जबडा मिटलेला असताना डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, अंगावर लांबीला समांतर काळसर पट्टा असतो आणि पाठीवरच्या पराचे दोन भाग जवळजवळ तुटलेले दिसतात. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याच्या मागे जात नाही, रंग तपकिरी-पितळी, पट्टे उभे. स्पॉटेड बास दिसायला लार्जमाउथसारखा, पण जबडा आखूड, आणि जिभेवरून बोट फिरवलं तर खरखरीत दातांचा छोटा ठिपका लागतो.

हा फरक नुसता नावापुरता नाही. लार्जमाउथला पाणगवत, बुडालेली झाडं, संथ आणि थोडं गढूळ पाणीही चालतं. स्मॉलमाउथला खडक, गोटे, स्वच्छ आणि गार पाणी लागतं. वाहत्या नदीत तो खुशीत असतो. एकाच तलावात दोन्ही असतील तर एकाच जागेवर दोघांची वाट बघू नका.

लार्जमाउथ किती मोठा होतो? जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोचा मासा धरला. त्यानंतर तब्बल ७७ वर्षांनी, २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून औंसभर जड मासा मिळाला. विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावं आजही बरोबरीनं लागतात. तुम्हाआम्हाला अर्धा ते दीड किलोचे मासे जास्त भेटतील, आणि दोन किलोच्या वरचा मासा कुठल्याही पाण्यात मानाचा.

पाण्याचं पंचांग

अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या फ्लोरिडात बासची वीण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊ शकते. उत्तरेकडच्या मिनेसोटात त्याच कामाला मे उलटून जून लागतो. तेव्हा महिन्यांवर लिहिलेला सल्ला एका जागी खरा आणि दुसऱ्या जागी चुकीचा ठरणार. खालचे आकडे सेल्सिअसमधले आहेत आणि लार्जमाउथसाठीचे आहेत. स्मॉलमाउथ प्रत्येक टप्प्यात दोन-तीन अंश आधी हलतो.

पाणी ८ अंशांच्या खाली असतं तेव्हा मासे खोल उताराच्या पायथ्याशी, जुन्या ओढ्याच्या पात्रात किंवा उभ्या कड्यालगत गटानं थांबतात. एक मासा मिळाला तर तिथेच आणखी असतात, जागा सोडू नका. आमिष लहान आणि हालचाल जवळजवळ नाहीच. दिवसाही दुपार बघून जा. उन्हानं खडक तापले की त्यांच्यालगतचं पाणी एखाद्या अंशानं वाढतं, आणि तेवढ्यावरही मासा हलतो.

पाणी ८ वरून १५ कडे चढू लागतं तो काळ माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला. माद्या अंड्यांनी भरलेल्या, वजन वर्षात सर्वाधिक, आणि भूक मोठी. त्या खोल पाण्यातून एकदम काठावर येत नाहीत, टप्प्याटप्प्यानं येतात. तलावाचा नकाशा घ्या, उथळ आणि वाऱ्यापासून आडोशाची खाडी शोधा, आणि तिथून खोल पाण्यापर्यंत बोटानं रेघ ओढा. त्या रेघेवर जिथे जमिनीची सोंड पाण्यात शिरते, जिथे उतार एकदम तुटतो, जिथे गवताची बाहेरची कड आहे, तिथे मासे मुक्काम करतात. सलग तीन-चार दिवस ऊन पडलं की ते एक मुक्काम पुढे सरकतात. रात्री कडक थंडी पडली की एक मुक्काम मागे जातात. उत्तरेकडचा काठ आधी तापतो, कारण गार वारा त्याच्या पाठीशी अडतो आणि दक्षिणेचं ऊन त्याच्यावर पडतं. हे गणित उत्तर गोलार्धातलं.

१५-१६ अंशांच्या पुढे नर उथळ पाण्यात घरटी करायला लागतो. शेपटीनं चिखल उडवून तो कठीण तळाची थाळीसारखी जागा साफ करतो. पोलराइज्ड चष्मा लावला तर गडद तळावर ते फिकट गोल वर्तुळ काठावरूनही दिसतं. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. आधी अंड्यांची, मग पिल्लांच्या काळ्या ढगाची. आता माझं मत स्पष्ट सांगतो : घरट्यावरच्या माशाला छेडू नये. तो भुकेनं चावत नाही, घुसखोराला हाकलायला चावतो. त्याला काही मिनिटं उचलून धरलं तरी भोवती टपलेले ब्लूगिलसारखे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. अमेरिकेच्या काही राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत या काळात बासची मासेमारी बंद असते किंवा तिच्यावर जादा निर्बंध असतात. नियम प्रत्येक पाण्याचे वेगळे. परवाना काढतानाच हंगाम, किमान लांबी आणि रोजची मर्यादा वाचून घ्या. घरट्यांपासून पाच-दहा मीटर बाहेरच्या पहिल्या उतारावर अजून न आलेल्या आणि परत चाललेल्या माद्या असतात, तिथे मन लावा.

विणीनंतर आठवडा-दोन आठवडे मासे थकलेले आणि विखुरलेले. या दिवसांत रिकाम्या हातानं परतलात तर स्वतःवर फार रागावू नका.

उन्हाळ्यात, पाणी २४-२५ च्या पुढे गेलं की, दोन वेगळे जमाव होतात. एक उथळ पाण्यात राहतो, पण दाट सावलीत : गवताच्या छताखाली, धक्क्यांखाली, लोंबत्या फांद्यांखाली. दुसरा खोल उंचवट्यांवर आणि सोंडांच्या टोकांवर. किती खोल, याला मर्यादा असते. उन्हानं वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या गार, जड थरावर तरंगत राहतो. दोन्ही मिसळत नाहीत. मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सुपीक तलावांत उन्हाळा सरता सरता त्याच्या खालचा प्राणवायू संपत जातो, म्हणून तिथे मासा थांबत नाही. सोनारची, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची, संवेदनशीलता वाढवली की हा पट्टा धुरकट आडव्या रेषेसारखा दिसतो. ती रेषा ६ मीटरवर असेल तर ९ मीटरवर गळ सोडण्यात दिवस घालवू नका. पहाट, संध्याकाळ आणि रात्र हे उन्हाळ्यातले खरे तास.

मग पाणी उतरू लागतं. २० अंशांच्या आसपास शॅडसारख्या लहान माशांचे थवे ओढ्यांच्या आतल्या टोकांकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागोमाग. या दिवसांत जागेपेक्षा थवा शोधा : पाण्यावर चमकणारे ठिपके, एका जागी घिरट्या घालणारे पक्षी, अचानक उडणारी फवारणी. पुढे वरचा थर इतका गार होतो की तो जड होऊन खाली बसू लागतो आणि सगळा तलाव ढवळला जातो. पाणी मळकट होतं, कधी कुजका वास येतो, आणि काही दिवस मासेमारी अवघड होते. तेव्हा मुख्य तलाव सोडून वाहत्या पाण्याच्या तोंडाशी किंवा अगदी उथळ जागी जा. तिथे ढवळायला थरच नसतात.

जागा वाचणं

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. एक तळाचा आकार : सोंड, कडा, उंचवटा, जुनं पात्र. दुसरा आडोसा : गवत, लाकूड, खडक, धक्का. तळाचा आकार हा माशाचा रस्ता आणि आडोसा ही त्याची बसायची जागा. नुसत्या लांबच लांब गवतात मासा कुठेही असू शकतो. पण त्याच गवताला जिथे सोंडेमुळे कोपरा पडलाय, किंवा गवत संपून खडक सुरू होतो, तिथे तो असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बदल जिथे, मासा तिथे. काठावरून मासेमारी करणाऱ्यालाही हे लागू आहे : पाण्याबाहेरचा उतार ज्या कोनात पाण्यात शिरतो, साधारण त्याच कोनात तो थोडा पुढेपर्यंत जातो.

वारा त्रासाचा वाटला तरी वारा लागणाऱ्या काठाकडेच तोंड करा. वाऱ्यानं वरच्या पाण्यातलं सूक्ष्म खाद्य त्या काठाकडे लोटलं जातं, त्यामागे लहान मासे, त्यामागे बास. शिवाय पृष्ठभाग हलल्यानं त्याला तुम्ही आणि तुमची लाइन (गळाची दोरी) नीट दिसत नाही. याउलट थंड हवेची लाट येऊन गेल्यावरचा निळाशार, निवांत दिवस फसवा असतो. मासा आडोशाला चिकटून बसतो. त्या दिवशी आमिष लहान करा, वेग निम्मा करा आणि आडोशाच्या अगदी पोटात टाका.

रॉड, रील, लाइन

सुरुवातीला दोनच संच पुरेत.

पहिला स्पिनिंगचा, म्हणजे रील रॉडच्या खाली लोंबणारं : सात फुटांच्या आसपासचा मीडियम ताकदीचा रॉड, २५०० आकाराचं रील, त्यावर १०-१५ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि पुढे आमिषापर्यंत दोन-तीन मीटर ८ पौंडी फ्लुओरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर. हलकी आमिषं याच्यावर. तुमच्याकडे एकाच संचाची ऐपत असेल तर हाच घ्या.

दुसरा बेटकास्टिंगचा, म्हणजे रील रॉडच्या वर बसणारं : सात फुटी मीडियम-हेवी, साधारण ७:१ गिअरचं रील, १५ पौंडी फ्लुओरोकार्बन. टेक्सस रिग, जिग, स्पिनरबेट यासाठी (ही आमिषं पुढे येतील). दाट गवतात बेडूक-ल्युअर टाकायचा तर लाइन बदलून ५० पौंडी ब्रेड.

रॉडवरचे दोन शब्द लोक हमखास गल्लत करून वाचतात. 'पॉवर' म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. 'अॅक्शन' म्हणजे तो कुठून वाकतो. 'फास्ट' रॉड टोकाकडून वाकतो, त्यामुळे एकेरी जाड हूक माशाच्या जबड्यात झटक्यात घुसतो. तिहेरी हूकांच्या क्रँकबेटला, म्हणजे ओढताना बुडी मारणाऱ्या माशाच्या आकाराच्या कडक आमिषाला, असा रॉड वापरला तर ते बारीक हूक मांस फाडून सुटतात; तिथे मध्यापासून वाकणारा मॉडरेट रॉड हवा. गिअरचा आकडा म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (लाइन गुंडाळायची चकरी) किती वेळा फिरतं. जिगला वेगवान रील, कारण ढिली पडलेली लाइन पटकन गोळा करायची असते. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला ५.४:१ सारखं संथ रील, कारण त्याला पाण्याचा जोर असतो आणि संथ रीलला हात कमी दुखतो.

लाइन तीन प्रकारची. ब्रेड ताणली जात नाही, तरंगते, आणि गवत कापते. फ्लुओरोकार्बन बुडते, पाण्यात कमी दिसते, दगडावर घासणं सोसते. मोनोफिलामेंट ताणली जाते आणि फारशी बुडत नाही, म्हणून पृष्ठभागावर पाणी उडवणाऱ्या पॉपर नावाच्या आमिषाला तीच चांगली.

बेटकास्टिंग रीलवर लाइनचा गुंता होतो म्हणून पुष्कळ जण ते सोडून देतात. बसवायची पद्धत अशी : आमिष बांधा, रॉड आडवा धरा, बटण दाबा. आमिष सावकाश खाली जाऊन जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर बाजूची चकती थोडी आवळा. ब्रेक बहुतेक पूर्ण लावून सुरुवात करा आणि हात बसेल तसे कमी करत जा. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबायचा, हीच खरी युक्ती. मोकळ्या मैदानात, हूक नसलेलं वजन बांधून, दोन संध्याकाळी सराव करा.

गाठ एकच नीट शिका : पालोमर. लाइन दुहेरी करून हूकच्या नेढ्यातून काढा, त्या दुहेरी लाइनची साधी सैल गाठ मारा, पुढच्या फासातून अख्खा हूक काढा, आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. हे ओलं करणं विसरू नका. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि फ्लुओरोकार्बन तिथेच कमजोर होते. मी धरलेला त्या वर्षीचा सर्वांत मोठा मासा नावेपासून हातभर अंतरावर सुटला. लाइनचं टोक बघितलं तर ते कुरळं होऊन पांढरं पडलं होतं. घाईत कोरडी आवळलेली गाठ.

टेक्सस रिग, हातात घेऊन

एकच पद्धत शिकायची असेल तर ही शिका. हूकचं टोक प्लास्टिकच्या आत लपलेलं असल्यानं हे आमिष गवतातून, फांद्यांतून निसटत येतं, आणि बास राहतो तिथेच टाकता येतं.

बुलेटच्या आकाराचं वजन घ्या, निमुळतं टोक रॉडकडे करून लाइनमध्ये ओवा. साध्या आडोशात ५ ते ७ ग्रॅम, दाट गवतात १० ते १४. टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा लहान होतो आणि तळ दगडाचा की चिखलाचा हे हाताला नेमकं कळतं. महाग असलं तरी मी तेच वापरतो. शिशाचे छोटे तुकडे गिळून लून जातीचे पाणपक्षी मरतात, हेही एक कारण. मग ३/० किंवा ४/० आकाराचा, मानेला दुहेरी बाक असलेला ऑफसेट हूक बांधा.

आता सहा-सात इंची प्लास्टिकचा किडा. हूकचं टोक किड्याच्या डोक्यात मधोमध, सात-आठ मिलिमीटर आत घाला आणि बाजूनं बाहेर काढा. किडा हूकवरून सरकवत वर न्या, डोकं नेढ्यापाशी बाकावर अडकेपर्यंत. हूक अर्धा वळसा फिरवा म्हणजे टोक किड्याच्या अंगाकडे येईल. इथे थांबा. किडा सरळ लोंबू द्या, हूक त्याच्या शेजारी धरा आणि हूकचा तळाचा बाक अंगाला कुठे टेकतो ते नखानं खूण करून ठेवा. त्याच खुणेतून टोक आरपार काढा आणि पाठीच्या वरच्या कातडीत किंचित खोचून ठेवा. आता हूकला धरून उचला. किडा काठीसारखा सरळ लोंबला पाहिजे. मध्ये फुगला किंवा वाकला असेल तर काढून पुन्हा लावा, कारण वाकडा किडा पाण्यात गरगर फिरतो, लाइनला पीळ पडतो आणि मासा त्याच्याकडे फिरकत नाही.

टाकल्यावर आमिष तळाला जाईपर्यंत लाइनवर नजर ठेवा. बरेचसे चावे पडता पडताच येतात. तळाला टेकलं की रॉड घड्याळातल्या नऊवरून अकरापर्यंत सावकाश उचला, थांबा, परत खाली आणताना ढिली लाइन गुंडाळा. फांदीला टेकलं तर घाईनं ओढून काढू नका. फांदीवर चढवा, थरथरवा, पलीकडे पडू द्या. मी सांगेन ती एक गोष्ट लक्षात ठेवा : चावा नेहमी हिसक्यासारखा येत नाही. कधी दोन बारीक टिचक्या बसतात. कधी काहीच जाणवत नाही, नुसती पाण्यावरची लाइन बाजूला सरकायला लागते. कधी वजन असायला हवं तिथे ते नसतं, जणू आमिष तुटून गेलंय. मासा ते उचलून तुमच्याकडेच पोहत येत असतो.

असं काही वाटलं की रॉडचं टोक माशाकडे झुकवा, ढील गुंडाळा, आणि ताण जाणवताच कोपर अंगाशी ठेवून जोरात वर झटका द्या. हूकला आधी प्लास्टिक आणि मग जबडा भेदायचा असतो. उघड्या, बारीक हूकच्या आमिषांना मात्र हा जोर नको. तिथे रॉड उचलून रील फिरवत राहिलं की पुरे. आणि बेडूक-ल्युअरवर मासा उसळला तर हात आवरा. मनात 'एक, दोन' म्हणा, वजन हाताला लागलं की मगच झटका. निम्म्याहून जास्त मासे या घाईतच सुटतात, असा माझा अनुभव.

बाकीची आमिषं

जिग म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, रबरी झालर आणि मागे प्लास्टिकचे नांगे. क्रेफिशची नक्कल. १० ग्रॅमचा, काळा-निळा किंवा हिरवट-तपकिरी, एवढे दोन असले की वर्षभर चालतं. तळावरून सरपटवत न्यायचा. मोठे मासे यावर जास्त लागतात, फक्त चाव्यांची संख्या कमी, तेव्हा धीर धरता आला पाहिजे.

स्पिनरबेट वाऱ्याच्या दिवशी आणि गढूळ पाण्यात. त्याची पाती फिरताना पाण्यात कंप उठतो आणि मासा तो अंगावरच्या पार्श्वरेषेनं टिपतो. चौकोनी ओठाचं क्रँकबेट उथळ लाकडावर मुद्दाम आपटवा. आपटून दिशा बदलली की चावा येतो. पॉपर आणि इतर पृष्ठभागावरची आमिषं १५-१६ अंशांच्या पुढे, पहाटे-संध्याकाळी. ड्रॉप शॉट, म्हणजे वजन खाली आणि बारीक आमिष त्याच्या फूटभर वर, खोल उन्हाळी माशांसाठी. काठीसारखा पाच इंची प्लास्टिकचा किडा मधोमध हूक लावून बिनवजनाचा सोडला की त्याला वॅकी रिग म्हणतात. धक्क्याखाली टाका आणि तो थरथरत पडताना काहीही करू नका. नवशिक्याला पहिला मासा बहुधा हाच देतो.

जर्कबेटवर थोडं थांबतो, कारण थंड पाण्यात त्याला तोड नाही आणि त्याचा वापर घाईनं बिघडतो. माशासारखं लांबट, पाण्यात अधांतरी राहणारं हे आमिष. रॉडचं टोक खाली ठेवून दोन छोटे हिसके द्या, प्रत्येक हिसक्यानंतर लाइन मुद्दाम ढिली सोडा. आमिष बाजूला वळतं आणि थबकतं. पाणी १५ अंशांवर असेल तर दोन-तीन सेकंद थांबा. ९ वर असेल तर दहा. ६ वर असेल तर वीसपर्यंत मोजा, आणि मोजायचंच, अंदाज नको, कारण गारठ्यात उभ्या असलेल्या माणसाला पाच सेकंदही वीस वाटतात. चावा जवळजवळ नेहमी थबकलेल्या आमिषावर येतो. नवं आमिष घेतलं की काठाशी टाकून बघा : नाक किंचित खाली करून ते एका जागी राहिलं पाहिजे. वर तरंगत असेल तर हूकच्या दांडीला शिशाच्या पत्र्याची बारीक पट्टी गुंडाळा.

रंगाची चर्चा लोक तासन् तास करतात. स्वच्छ पाण्यात हिरवट, तपकिरी, अर्धपारदर्शक. गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा झगझगीत पोपटी-पिवळा. खोली आणि वेग जमल्याशिवाय यापुढे जाण्यात अर्थ नाही.

मासा हातात आल्यावर

हात ओले करून मगच माशाला लावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. अंगठा खालच्या जबड्यात घालून धरता येतं, पण किलो-दीड किलोच्या वरच्या माशाला नुसतं जबड्यानं आडवं लटकवू नका. दुसरा हात पोटाखाली द्या. फोटो काढायचा तर कॅमेरा तयार ठेवून मगच पाण्याबाहेर काढा. हूक खोल घशात गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा लाइन हूकजवळ कापून सोडा. सहा-आठ मीटरहून खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाचं पोट कधी कधी फुगतं आणि त्याला खाली जाता येत नाही. म्हणून असे एक-दोन मासे दिसले की मी ती खोल जागा त्या दिवसापुरती सोडतो.

परत सोडायचा तो त्याच पाण्यात. जिवंत मासा एका तलावातून दुसऱ्यात नेऊ नका. जपानमध्ये बास १९२५ मध्ये आशिनोको सरोवरात बाहेरून आणून सोडला गेला, पुढे तो देशभर पसरला आणि मूळच्या लहान माशांवर त्यानं संकट आणलं. ज्या बिवा सरोवरात विक्रमी मासा मिळाला तिथे आज पकडलेला बास परत सोडायलाच मनाई आहे. म्हणजे 'पकडा आणि सोडा' हा नियमसुद्धा त्या पाण्याचा कायदा विचारूनच पाळायचा.

सोडताना मासा पाण्यात सरळ धरा आणि थांबा. कल्ले नीट उघडमीट करू लागले, शेपटीनं तळहाताला ढकललं, की हात उघडा. मग आमिषाच्या वरची हातभर लाइन दोन बोटांत धरून सरकवा. कुठे खरखर लागली तर तेवढी कापून टाका आणि पालोमर पुन्हा बांधा, ओली करून. थर्मामीटर बघा, आकडा, खोली आणि आडोसा वहीत लिहा, आणि पुढचा कास्ट त्याच जागी टाका.